मुंडक्याची तीन कोटेशनं

...नाही, पण मला एक सांगा, वाटीएवढ्या वस्तूचे एकवीस प्रकार कशाला करून ठेवलेत? कुणी मागितले होते? मी तरी नव्हते मागितले. आणि चंद्रप्रभाताई, घड्याळ कशाला दाखवताय, तुम्हीच म्हणालात ना, 'देवस्थळी, दसऱ्याच्या कार्यक्रमात पाच मिनिटं घरगुती बागकामावर बोला'? मग बागकामावरच बोलतोय मी. मंडळी, तुम्ही वडे खा, गार होतील, माझ्यासाठी थांबू नका. मी काय, एकटाच बोलतो. सवय आहे.

तर तुम्हाला सांगतो, गवत कापायचं एक यंत्र येतं. ट्रिमर. लांब दांडा, वरच्या टोकाला पेट्रोलचं छोटं इंजिन, खालच्या टोकाला एक मुंडकं. मुंडकं म्हणजे काळ्या प्लास्टिकची वाटी हो, आत नायलॉनची दोरी गुंडाळलेली, तिची दोन टोकं बाहेर, इंजिन चालू केलं की मुंडकं गरगर फिरतं आणि त्या दोरीच्या फटक्यानं गवत कापलं जातं. दोरी झिजली की फिरतं मुंडकं जमिनीवर हलकेच टेकवायचं, आतून आणखी वीतभर दोरी सुटते. हलकेच! पुस्तकात लिहिलंय हलकेच. आता मी चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या खरेदी विभागात फायलींवर शिक्के मारलेला माणूस, माझ्या हाताला हलकेच कुठून येणार? मारलं आपलं शिक्का मारल्यासारखं. नेमकी खाली फरशी. मुंडक्याची दोन शकलं, एक माझ्या पायाशी, एक थेट शेजारच्या मल्होत्रांच्या तुळशीत.

वस्तू केवढी? वाटीएवढी. पण तिच्यावाचून यंत्र म्हणजे नुसता दांडा. आणि महिना सप्टेंबरचा, पाऊस नुकताच सरलेला, आपल्या दिल्लीतल्या द्वारकेत त्या दिवसांत गवत डोळ्यांदेखत वाढतं. आणि त्यात सुमित्रा दसऱ्याला येणार!

सुमित्रा कोण ते जुन्या मंडळींना ठाऊक आहे. नव्यांसाठी सांगतो, माझी बायको. हयात आहे, ठणठणीत आहे, पुण्याला आहे. अडीच वर्षांपूर्वी रसिकाच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या बाळंतपणाला गेली. तीन महिन्यांसाठी गेली होती बरं का. तीन महिन्यांनी रसिकाची रजा संपली, मग 'बाळ रांगायला लागेपर्यंत', मग 'चालायला लागेपर्यंत', आता नचिकेत पळायला लागलाय आणि त्याला पकडायला कुणीतरी हवं. भांडण वगैरे काही नाही हो. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. रसिकाची आयटीतली नोकरी, जावई आठवड्यातले चार दिवस हैदराबादला, पोराकडे कोण बघणार? सगळं बरोबर आहे. मी स्वतः फायलीवर 'मंजूर' असंच लिहिलं असतं.

तुम्ही म्हणाल, मग तुम्ही का जात नाही पुण्याला? गेलो होतो की. पंधरा दिवस राहिलो. दोन खोल्यांचा फ्लॅट, मी हॉलमध्ये सोफ्यावर. आता गंमत बघा, हॉलमध्येच टीव्ही, आणि टीव्हीवर ते कार्टून लागल्याशिवाय नचिकेत घास घेत नाही. म्हणजे मी झोपलेलो असलो की मूल उपाशी! पहाटे साडेपाचला उठून मी बागेत जाऊन बसायचो, तर तिथला वॉचमन तिसऱ्या दिवशी विचारतो, 'काका, कोणाकडे आलात?' आता काय सांगणार? बायकोकडे?

तर गवत. आमचा फ्लॅट तळमजल्याचा. सोसायटीची सोडत निघाली तेव्हा तळमजला आला म्हणून सगळे माझं सांत्वन करून गेले, ही एकटी खूश. का, तर मागे बारा फूट बाय दहा फूट जमीन. कढीलिंब लावला, मोगरा लावला, मधे हिरवळ केली, दोन वेताच्या खुर्च्या आणल्या. 'तुम्ही रिटायर झालात की इथे बसून चहा प्यायचा,' असं ठरलेलं. मी रिटायर झालो मार्चमध्ये, ती पुण्याला गेली एप्रिलमध्ये. मधे झाला असेल पंधरावीस दिवस चहा. जाताना स्टेशनवर गाडी हलली तरी खिडकीतून काय सांगते? 'गवत तेवढं वाढू देऊ नका!' नंतर माळी गावी गेला तो गेलाच, तेव्हा रसिकानं हे यंत्र धाडलं, गुडगावच्या एका मॉलमधून. ते दुकान आता बंद झालंय. तिथे पिझ्झा मिळतो.

तुम्हाला सांगतो, आमचा फोन रोज संध्याकाळी साडेसातला. मजकूर ठरलेला. 'जेवणाचं काय?' 'खिचडी टाकलीय.' 'गोळी घेतली?' 'घेतली.' 'बरं, ठेवू? नचिकेत पडेल.' संपलं. मोबाइलवर फोन किती वेळ चालला ते शेवटी उमटतं ना, बावन्न सेकंद. अडतीस वर्षांचा संसार, बावन्न सेकंद. तिचाही दोष नाही, दिवसभर पोरामागे धावून दमलेली असते. आणि माझ्याकडे तरी नवीन काय असणार सांगायला? खिचडी कालच्यासारखीच झाली हे?

पण ज्या दिवशी मुंडकं फुटलं ना, त्या दिवशी मी म्हटलं, 'अगं, मुंडकं फुटलं.' तर ही केवढ्यानं ओरडली, 'कुणाचं?' मग सगळं समजावून सांगितलं, शिक्का, फरशी, मल्होत्रांची तुळस. हसली. पोटभर हसली हो. मग विचारते, 'आता तशी वस्तू मिळायची कुठे?' म्हटलं, बघतो. फोन ठेवला, आकडा बघितला. अकरा मिनिटं!

झालं. दुसऱ्या दिवशी निघालो.

आता सरकारी माणसाची एक खोड असते. एकाच दुकानातून वस्तू घेतली की त्याला आपण भ्रष्टाचार केला असं वाटतं. तीन कोटेशनं! तीन कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, तक्त्यावर वरिष्ठांची मंजुरी, मगच खरेदी. ऑफिसात मी टाचणीसुद्धा तीन कोटेशनांशिवाय घेतली नाही, आणि घरात... घरात मी काडेपेटीसुद्धा घेतलेली नाही, सगळं ही आणायची. म्हणजे स्वतःसाठी स्वतः केलेली आयुष्यातली पहिली खरेदी कोणती? मुंडकं.

पहिलं दुकान आपल्या सेक्टरच्या मार्केटमधलं, राघवजींचं. नळाच्या तोट्या, रंगाचे डबे, त्यात हा ट्रिमरचा पसारा. मी फुटकी वाटी दाखवली. 'अरे अंकलजी, ये तो यूनिवर्सल ले जाओ, सब में लगता है!' घेऊन आलो पाहायला, तर जगात सगळ्यांना बसणारं मुंडकं फक्त माझ्या दांड्याला बसेना. परत नेलं. 'तो अडॅप्टर ले लो.' अडॅप्टर बसला तर मुंडकं डुगडुगतं. 'तो वॉशर डाल लो.' असं करत करत चार दिवसांनी अख्खं दुकान त्या दांड्याला लटकलं असतं. म्हटलं, राघवजी, लिहून द्या. 'क्या लिख के दूँ?' कोटेशन! त्यांनी सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलं. फाइल केलं मी ते.

दुसरं दुकान गुडगावला. दुकान कसलं, काचेचा महाल. आत एसी इतका की मला मफलर आठवला. सृष्टी नावाची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हसून म्हणाली, 'सर, हम हेड नहीं बेचते, हम सॉल्यूशन देते हैं.' म्हटलं, बेटा, मला वाटीएवढी वस्तू हवी. 'शुअर सर. आपके लॉन का साइज़?' म्हटलं, बारह बाय दस. तिचे डोळे चमकले. 'एकड़, सर?' फूट, म्हटलं. उघडलेलं पेन परत बंद केलं हो पोरीनं. पण चांगली होती, तिनं मला मोठं पुस्तक उघडून दाखवलं. तुम्हाला सांगतो, त्यात एकवीस प्रकार! आपटून दोरी सुटणारं, न आपटता सुटणारं, दोरीचे तुकडे घालायचं, दोरीऐवजी प्लास्टिकची पाती असलेलं. मग दोरी किती जाड? गोल का चौकोनी का चांदणीसारखी? अहो, आम्ही स्कूटरला सात वर्षं नंबर लावलेली माणसं. सात वर्षांनी हिरवी आली, हिरवी घेतली. सुमित्राला निळी हवी होती, पण रंगाचं विचारायची प्राज्ञा नव्हती, विचारलं आणि नंबर गेला म्हणजे? आणि आता बाजार उघडलाय म्हणे. चांगलंच झालं. पण गवताला कळतं का हो, आपल्याला चौकोनी दोरीनं कापलं का गोल?

हे सगळं मी साडेसातला फोनवर सांगायचो. सुमित्राला तर इतका रस! 'अहो, चांदणीची दोरी नको, तुटत असेल.' 'अहो, आपटायचं नकोच, तुमचा हात जड आहे.' चौदा मिनिटं. सतरा मिनिटं. मी तक्ता वाचून दाखवायचो, अनुक्रमांक, तपशील, शेरा, आणि ती वरिष्ठ अधिकाऱ्यासारखी शंका काढायची. मधेच नचिकेतचा आवाज यायचा, 'आजोबा मुंदकं!' 'आजोबा'नंतर त्यानं शिकलेला पहिलाच मराठी शब्द असावा तो.

तिसरं दुकान जी. बी. रोडला. आता हसू नका. जुन्या दिल्लीतला मशिनरीचा मोठा बाजार आहे तो, खाली सगळी पंपांची, मोटरांची दुकानं. वरच्या मजल्यांवरच्या कोठ्यांची कीर्ती मलाही माहीत आहे, पण मी मान वर केलेली नाही. सुमित्राला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'खालूनच घ्या.' तर तिथे एक लालाजी, सत्तरीचे, गादीवर बसलेले. माझ्या हातातली फुटकी वाटी घेतली, बघितलीसुद्धा नाही, नुसता अंगठा आत फिरवला आणि म्हणाले, 'उल्टी चूड़ी.' म्हणजे आटे उलटे. आपण सगळं उजवीकडे फिरवून घट्ट करतो, हे डावीकडे घट्ट होतं. यंत्र फिरतं त्याच्या उलट, म्हणजे चालताना सैल पडत नाही. दोन सेकंदांत सांगितलं त्यांनी! मागच्या फळीवरून एक मुंडकं काढलं, माझ्या हातात ठेवलं. 'यही है. ले जाओ.'

मंडळी, तेच होतं. मी डाव्या बाजूनं फिरवून पाहिलं, लोण्यासारखं बसलं. खरेदीचा चौथा दिवस. दसऱ्याला अजून दोन आठवडे. घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी गवत कापून झालं असतं, विषय संपला असता.

विषय संपला असता. तेच मनात आलं बघा. म्हणजे आज साडेसातला 'मिळालं' म्हणायचं, ती 'बरं झालं' म्हणणार, आणि मग उद्या? उद्या पुन्हा खिचडी, गोळी, ठेवू? मी मुंडकं परत फळीवर ठेवलं. म्हटलं, लालाजी, जरा सोचता हूँ.

आणि मग काय, सोचतच राहिलो. रोज सकाळी डबा घेऊन मेट्रोत बसायचं, राजीव चौकाला गाडी बदलायची, लालाजींकडे जायचं, एकेक मुंडकं बघायचं. सहाव्या दिवशी लालाजी चष्म्यावरून बघून म्हणतात, 'बाबूजी, हेड लेना है कि बैठना है? बैठना हो तो बैठो, चाय मँगाता हूँ.' मी बसलो. दुसरं काय करणार?

पण फोनला रोज नवीन माल लागतो हो. एकवीस प्रकार संपले, आटे संपले. मग मी गवतावर आलो. गवत घोट्यापर्यंत आलं म्हणालो, तेव्हा खरंच आलं होतं. मग गुडघ्यापर्यंत म्हणालो, तेव्हा घोट्याच्या जरा वरच होतं. ती 'अगं बाई!' म्हणायची ना, त्यासाठी. मग डास आणले. डास खरे होते, पण मी ते ढगानं आणले. एक दिवस काहीच सुचेना, साडेसातला दोन मिनिटं कमी, तेव्हा मी साप सोडला. काळा. दोन हात लांब. आता साप एकदा सोडला की दुसऱ्या दिवशी त्याची चौकशी होते, मग त्याला शोभेसं मुंगूस आणावं लागलं. त्या दिवशी सव्वीस मिनिटं! सव्वीस मिनिटं आम्ही नवराबायको मुंगसावर बोललो. लग्न झाल्यावर नव्या नवलाईतसुद्धा कधी सलग सव्वीस मिनिटं बोललो नसू. मागून रसिकाचा आवाज आला, 'आई, स्पीकरवर टाक, मलाही ऐकू दे.' मला काय, म्हटलं टाक. श्रोते वाढले. मी मुंगूस आणखी मोठं केलं.

शेवटी दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी लालाजींना म्हटलं, द्या. ते म्हणाले, 'आज?' म्हटलं, आज, घरवाली शनिवारी येतेय, नातवाला घेऊन. त्यांनी फडक्यानं पुसून दिलं हो ते, नवीन असून. वर म्हणाले, 'और काम न हो तो भी आना.' मी आणलं, डावीकडे फिरवून बसवलं, आणि मंगळवारी सकाळी गवत कापलं. किती वेळ लागला असेल? पंचवीस मिनिटं. चौदा दिवस निवड आणि पंचवीस मिनिटं काम, सरकारी कामाचं प्रमाण अगदी बरोबर बसलं. कडा सरळ केल्या. वेताच्या खुर्च्या धुतल्या. तिसरी लहान खुर्ची आणली, लाल, बदकाचं चित्र असलेली.

आणि त्या दिवशी फोन पाच वाजताच आला. मला वाटलं, गाडीची वेळ सांगायला.

'अहो,' म्हणाली, 'रसिका नको म्हणतेय. एवढंसं पोर, आणि तिकडे गुडघाभर गवत, डासांचे ढग, डेंगीच्या बातम्या, त्यात साप. तिकिटं रद्द केली तिनं. थंडी संपली की बघू.'

मी म्हटलं, 'अगं, साप नव्हता.'

'नव्हता कसा? तुम्हीच सांगितलंत. काळा, दोन हात.'

'अगं, तो मी सोडला होता.'

'कुठे?'

आता कुठे काय सांगू? फोनमध्ये, म्हटलं.

मला वाटलं, आता चिडणार. चिडली असती तर बरं होतं. मग हळूच विचारते, 'मुंडकं बसलं का?' म्हटलं, बसलं. 'उलट्या आट्यांचंच ना?' म्हटलं, हो. 'आणि आपटू नका आता. हलकेच.' म्हटलं, हो. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू, पण ते फोनवर कसं दाखवणार? मग तीच म्हणाली, 'गोळी घेतली?' पाच वाजता गोळी नसते माझी, पण म्हटलं, घेतली. 'ठेवू?' ठेव.

आकडा नाही बघितला मी त्या दिवशी.

वस्तू केवढी? वाटीएवढी. चौथ्या दिवशी घेतली असती तर गवत वाढलं नसतं, साप आला नसता, आणि आज त्या लाल खुर्चीत बसून कुणीतरी वडा कुस्करत असतं. पण मग ती अकरा, सतरा, सव्वीस मिनिटंही नसती झाली. मी तक्ता करून पाहिला, दोन्ही बाजू मांडल्या. शेऱ्याचा रकाना रिकामाच राहिला.

हो हो, चंद्रप्रभाताई, बसतो, आरती आहे मला माहीत आहे. घरगुती बागकामाबद्दल एवढंच सांगतो, गवत वेळेवर कापा. माझं कापलेलं आहे. सेक्टर अकरा, तळमजला, मागच्या बाजूला तीन खुर्च्या मांडलेल्या आहेत, चहा मी बरा करतो. तुमच्यापैकी कुणीही या, कधीही या. फक्त येण्याआधी फोन करू नका. माझ्याकडे फोन येतो तो, 'येत नाही' म्हणून सांगायलाच येतो.